स्पिटफायरचे सस्पेन्शन बदलले. आता मागे जावे की आणखी पुढे?

वाचकाचा प्रश्न

वडोदऱ्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या मामांची १९६८ सालची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री ही दोन आसनांची उघडी गाडी आता त्यांच्याकडे आली आहे. गाडी वळणावर फार झुकते म्हणून त्यांनी परदेशातून सामान मागवले आणि पुढे आखूड व कडक स्प्रिंगा, कमी-जास्त कडक करता येणारे शॉकअब्सॉर्बर आणि जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी झुकू न देणारा दांडा) घातला. सांध्यांतल्या जुन्या रबरी बुशांच्या जागी पॉलियुरेथेनचे बुश आले आणि मागच्या आडव्या पाट्याखाली (लीफ स्प्रिंगखाली) गाडी इंचभर खाली आणणारा ठोकळा बसला. हे काम उमेदीची वर्षे स्टँडर्ड हेरल्ड दुरुस्त करण्यात घालवलेल्या, घरच्यासारख्या मिस्त्रीकाकांनी केले आणि शेवटी वंगण भरायचे सगळे निपल ग्रीसने भरून दिले.

आता स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवले की पुढून ‘कट’ असा आवाज येतो. पावसाळ्यात हालोलच्या वाटेवर वळणात कुत्रे आडवे आले, त्यांनी ॲक्सिलरेटर सोडला आणि गाडीचे बूड एकदम बाहेर फेकले गेले. सुदैवाने कोणाला लागले नाही. मामा म्हणतात की मूळ सामान परत लाव. वाचकांना मात्र शॉकअब्सॉर्बर पूर्ण कडक करावेत आणि गाडी आणखी थोडी खाली आणावी असे वाटते. भाग नवे असल्यामुळे चार-पाच वर्षे बघावे लागणार नाही, असा त्यांचा समज आहे. मुलीला नुकताच परवाना मिळाला असून तिलाही ही गाडी चालवायची आहे. मामांना घेऊन सगळ्यांनी पावागडला जाण्याचा बेत आहे. मागे जावे की पुढे, असे ते विचारतात.

उत्तर

मागे की पुढे हे नंतर ठरवू. तो आवाज कशाचा आहे हे कळेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका, गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नाही. पावागडला मामांना दुसऱ्या गाडीने न्या, किंवा बेत पुढे ढकला.

एवढे ठामपणे लिहिण्याचे कारण पत्रातल्या ग्रीसच्या उल्लेखात आहे. स्पिटफायरचे पुढचे चाक ज्या पोलादी खांबावर उभे असते, त्या व्हर्टिकल लिंकच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते टोक ट्रनियन नावाच्या पिवळ्या धातूच्या ठोकळ्यात पेचासारखे बसते. आपण स्टिअरिंग वळवता तेव्हा हा खांब त्या आट्यांमध्ये खरोखर फिरतो आणि किंचित वर-खाली होतो. या आट्यांना नव्वद नंबरचे गिअर ऑइल लागते, कारण ते पातळ असल्यामुळे आट्यांच्या फटींतून वरपर्यंत पोहोचते. ग्रीस खालीच दाटून बसते, उन्हाळ्यात धूळ धरते आणि वरच्या आट्यांना कोरडे ठेवते. मग वरच्या सीलमधून शिरलेले पावसाचे पाणी नेमके तिथेच गंज धरते. गंजलेला पोलादी आटा पिवळा धातू खरवडू लागतो, फिरवायला जोर लागू लागतो आणि शेवटी खांबाला आट्यांच्या वरच्या कडेशी तडा जातो. तो खांब तुटला की चाक मडगार्डखाली आडवे पडते. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना तो तुटल्याची उदाहरणे बरीच आहेत. वेग असताना तुटला तर काय होईल, ते लिहायला नको.

आपला आवाज त्याचाच आहे असे इथे बसून मी म्हणू शकत नाही. अँटी-रोल बारची कडी ढिली असेल, विशबोनचा, म्हणजे चाक चॅसीला जोडणाऱ्या हाताचा, आतला बुश कोरडा असेल किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल, तरी आवाज येतो. जुळणीतला आणखी एक दोषही शक्य आहे. ट्रनियन खांबावर चढवताना तळाला टेकेपर्यंत आवळून तसाच ठेवला, तर स्टिअरिंग एका टोकाला नेताना आटे तळात अडकतात आणि सगळा जोर त्याच नाजूक कडेवर येतो. म्हणून टेकल्यावर तो थोडा मागे फिरवायचा असतो, म्हणजे चाकाला दोन्हीकडे पूर्ण वळायला वाव राहतो. शिवाय एका बाजूचे आटे उजवे असतात आणि दुसऱ्या बाजूचे उलटे, त्यामुळे या सामानाची अदलाबदल करता येत नाही.

या गाडीत हे तपासणे सोपे आहे. संपूर्ण पुढचे नाक पुढच्या बाजूला उलटते आणि सस्पेन्शन डोळ्यांसमोर मोकळे होते. टायरवर बसून काम करता येईल अशी सोय फार थोड्या गाड्यांत असते. एकाने स्टिअरिंग सावकाश फिरवावे, दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात एकेका सांध्याकडे पाहावे. हात लावून पाहायचे असेल तर गाडी चॅसीखाली ठेवलेल्या मजबूत घोड्यांवर असली पाहिजे, नुसत्या जॅकवर नाही. त्यानंतर आवाजाचे मूळ कुठेही सापडले तरी दोन्ही ट्रनियन उतरवा, जुने ग्रीस रॉकेलने किंवा डिग्रीझरने पूर्ण धुवा आणि दोन्ही व्हर्टिकल लिंक मॅग्नेटिक पार्टिकल तपासणीसाठी द्या. पोलादाच्या पृष्ठभागावरचा किंवा त्याच्या लगेच खालचा तडा डोळ्यांना दिसत नसला तरी या तपासणीत उमटतो. वडोदऱ्यात ही गोष्ट अवघड नाही, कारण मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनच्या कामांसाठी अशा चाचण्या नेहमी होतात. आट्यांवर गंजाचे खड्डे दिसले तर चाचणीचा खर्चही करू नका, खांब सरळ बदला.

मिस्त्रीकाकांना हे कसे सांगायचे, हा आपल्यापुढचा खरा पेच आहे असे मला पत्राच्या सुरावरून वाटले. ॲम्बॅसडर आणि जीप यांच्यावर हात बसलेल्या पिढीने निपल दिसला की ग्रीस भरले, यात त्यांचा हलगर्जीपणा नाही, कारण त्या गाड्यांना तेच लागत होते. मात्र हेरल्ड आणि स्पिटफायर यांचे पुढचे सस्पेन्शन एकाच घराण्यातले आहे. स्पिटफायर उभीच राहिली ती हेरल्डची चॅसी आखूड करून. मद्रासला बनणाऱ्या आपल्या हेरल्डलाही या जागी तेलच हवे होते. तेव्हा इंटरनेटवर काय वाचले ते त्यांना ऐकवू नका. वर्कशॉप मॅन्युअलमधले वंगणाचे पान छापून घ्या आणि ट्रनियन त्यांच्याच हातून उघडवा. आट्यांवर वाळून बसलेले ग्रीस त्यांना स्वतः दिसले की पुढचे बोलणे सोपे होईल. ग्रीसगन फेकायचीही गरज नाही. वेगळी, स्वच्छ गन घेऊन तिच्यात गिअर ऑइल भरा, ट्रनियनच्या तळाचा प्लग काढून तिथे निपल लावा, चाक उचललेले असताना वरच्या सीलमधून तेल डोकावेपर्यंत दाबा आणि प्लग परत लावा. त्यातले थोडे पुढे गळत राहील. ते गळू द्या. वर्षातून दोनदा, त्यातही पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, हे करावे असे माझे मत आहे, मग गाडी कितीही कमी चालो.

आता ‘भाग नवे आहेत, चार-पाच वर्षे बघावे लागणार नाही’ या समजाकडे वळतो, कारण जुन्या गाड्या सुधारून घेणाऱ्या बहुतेक वाचकांच्या पत्रांत तो कुठे ना कुठे असतो. प्रत्यक्षात नवे काम झाल्यानंतरचे पहिले काही शे किलोमीटर सर्वांत जास्त लक्ष मागतात. स्प्रिंगा बसतात, बुश आपली जागा धरतात, रंगाच्या थरावर आवळलेला नट तो थर दबल्यावर सैल होतो. म्हणून काम झाल्यावर शंभरेक किलोमीटरनी आणि पुन्हा पाचशेच्या आसपास प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला तपासावा लागतो. आवळल्यावर नट आणि शेजारची धातू यांवर मिळून पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी खाली वाकून बॅटरी मारली की रेघ तुटली आहे का ते लगेच दिसते. आतून नायलॉनची कडी असलेले नट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत. ते फार महागही नसतात.

पॉलियुरेथेनच्या बुशांना त्यांच्यासोबत मिळणारे सिलिकॉनचे वंगण लागते. ते सुकले की बुश कुरकुरू लागतात आणि लोक त्यावर इंजिन ऑइल सोडतात, ते शेजारच्या उरल्यासुरल्या रबराला खाते. कुठे रबरी बुश ठेवले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे असतात. गाडी उचललेली असताना आवळले तर ती खाली येताच रबर पिळले जाते आणि काही महिन्यांत फाटते.

याहून महत्त्वाचे म्हणजे कडक सामान खड्ड्याचा धक्का नाहीसा करत नाही, तो आपल्या पलीकडच्या भागाकडे ढकलते. पूर्वी जे रबर आणि मऊ स्प्रिंग सोसत होते ते आता पंचावन्नहून अधिक वर्षांच्या पत्र्याला सोसावे लागते. म्हणून पुढच्या स्प्रिंगा जिथे टेकतात ती ठिकाणे, विशबोनचे चॅसीवरचे ब्रॅकेट, मागच्या शॉकअब्सॉर्बरची बैठक आणि मागच्या रेडियस रॉडची (मागचे चाक पुढे-मागे सरकू न देणाऱ्या दांड्याची) बॉडीवरची जागा तारेच्या ब्रशने साफ करून पाहा. रेडियस रॉड या गाडीत चॅसीला न धरता बॉडीच्या पत्र्याला धरलेले असतात आणि तिथे गंज आतून लागतो. रंगाला पडलेली केसासारखी रेघ रंगाचीच आहे असे समजू नका. ती खरवडून पाहा.

‘कडक म्हणजे सुरक्षित’ हा दुसरा समज मला अधिक काळजीचा वाटतो, कारण हालोलच्या वाटेवर जे घडले त्याचा अर्थ आपण उलटा लावला आहे. मार्क थ्रीच्या मागच्या बाजूला स्विंग ॲक्सल आहे. मागचे प्रत्येक चाक डिफरन्शियलजवळच्या (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीजवळच्या) एकाच सांध्याभोवती वर-खाली झुलते, त्यामुळे चाक वर-खाली होताना त्याचा कलही बदलतो. वळणात असताना ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला, की वजन पुढे जाते, मागचा भाग उचलला जातो, बाहेरच्या चाकाचा खालचा भाग गाडीखाली आत दुमडतो आणि टायरचा बहुतेक भाग रस्ता सोडतो. हा या रचनेचा जन्मजात स्वभाव आहे आणि गाडी कडक केल्याने तो जात नाही. शॉकअब्सॉर्बर पूर्ण कडक केले तर आपल्याकडच्या रस्त्यांवर टायर उसळत राहील आणि ओल्या रस्त्यावर उरलेली पकडही कमी होईल. सर्वांत मऊ खुणेपासून सुरू करा, एकेक खूण वाढवा, दोन्ही बाजू सारख्याच ठेवा आणि गाडी डोलायची थांबली की तिथेच थांबा.

मागचा ठोकळा मात्र मी लगेच काढायला सांगणार नाही. मामांना हे पटणार नाही, पण मागची उंची थोडी कमी झाली की गाडी उभी असतानाच चाकांचे माथे किंचित आत झुकलेले राहतात आणि चाके गाडीखाली दुमडण्यापूर्वी अधिक अंतर मिळते. म्हणजे त्या दिवशी ठोकळ्याने आपल्याला मदतच केली असण्याची शक्यता आहे. आणखी खाली जाणे मात्र नको. गतिरोधकांवर पोट घासते हा त्यातला लहान भाग झाला. स्प्रिंगचा प्रवास संपून गाडी बंपस्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आदळू लागली, की नेमक्या वळणातल्या खड्ड्यावर पकड सुटते. पुढे जायचेच असेल तर ट्रायम्फ स्वतः ज्या दिशेने गेली त्या दिशेने जा. १९७० साली आलेल्या मार्क फोरमध्ये कंपनीने मागचा पाटा असा बदलला की त्यातली बहुतेक पाने मध्यभागी झुलू शकतात, आणि त्याला जोड म्हणून पुढचा अँटी-रोल बार जाड केला. जाड बार आपल्याकडे आहेच. झुलता पाटा बोल्टने बसतो, मात्र डिफरन्शियलवरचे स्टड आणि क्लॅम्प त्याला जुळणारे घ्यावे लागतात. आपला पुढचा खर्च याच कामावर व्हावा, असे मला वाटते.

मागचे आणखी एक काम कोणी सुचवत नाही. मागच्या हबचे (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचे) बेअरिंग झिजले की ते धुऱ्यालाच घास पाडते आणि धुरा तुटला तर चाक हबसकट निघून जाते. मागचे चाक उचलून वर-खाली धरून हलवा आणि मग डाव्या-उजव्या बाजूंनी हलवा; बोटांना खेळ जाणवला किंवा चालताना घरघर येत असली, तर हब उघडलाच पाहिजे. तो धुऱ्याच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो आणि त्याला भक्कम पुलरच लागतो. हातोड्याने ठोकून काढू देऊ नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा गाडी कुठे उभी होती, हे आपण लिहिलेले नाही. ती हबपर्यंत पाण्यात उभी राहिली असेल, तर खेळ जाणवो वा न जाणवो, चारही हब उघडून घ्या.

टायरच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. बाजूवरच्या चार आकडी खुणेतले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. सहा-सात वर्षांपुढचे टायर नक्षी शिल्लक असली तरी मी वापरणार नाही. स्पिटफायरला पुढे कमी आणि मागे जास्त हवा लागते आणि हा फरक तिच्या मागच्या चाकांना आवर घालण्यासाठीच ठेवलेला आहे. पेट्रोल पंपावरचा मुलगा चारही चाकांत बत्तीस भरतो, तेव्हा आपण केलेल्या सगळ्या सुधारणांवर तो दोन मिनिटांत पाणी फिरवतो. घरी गेज ठेवा आणि सकाळी टायर थंड असताना स्वतः मोजा. उंची बदलल्यामुळे अलाइनमेंटही नव्याने करावी लागेल. केंद्रावरच्या संगणकात या गाडीचे आकडे नसण्याचीच शक्यता अधिक, म्हणून ते छापून सोबत न्या.

मामांच्या आग्रहात त्यांच्या आठवणींचा वाटा मोठा असणार आणि तो मानायलाच हवा, तरीही मूळ रचना सुरक्षित होती हे काही खरे नाही. मूळ सामान पुन्हा लावले तरी ट्रनियन, हब आणि टायर यांची ही सगळी तपासणी करावीच लागेल. मात्र त्यांच्या बाजूने बोलणारा एक मुद्दा कायद्यात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या बदलानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या खाजगी गाडीची व्हिंटेज म्हणून दहा वर्षांसाठी नोंदणी करता येते. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. आपण आतापर्यंत जे घातले ते सगळे बोल्टने बसलेले आहे आणि तसेच काढता येते. ही मर्यादा ओलांडू नका. चॅसीला वेल्डिंग करून नवे ब्रॅकेट लावायचा सल्ला कोणी दिला तर नकार द्या. काढलेली मूळ स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर आणि बार तेल लावून, चिठ्ठी बांधून मामांच्या देखत माळ्यावर ठेवा. विमा कंपनीला केलेले बदल लेखी कळवा. व्हिंटेज नोंदणी घेतली तर गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन आणि देखभाल अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही.

त्यामुळे मुलीचा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो. नेहमीची नोंदणी चालू ठेवणार असाल, तरी तिने वर्षभर साध्या गाडीवर हात बसवावा असे मी म्हणेन, कारण घाबरलेला नवखा चालक वळणात पहिली गोष्ट करतो ती पाय उचलण्याची, आणि नेमकी तीच या गाडीला चालत नाही. नंतर मोकळ्या, कोरड्या जागेत आपण शेजारी बसून तिला शिकवा: वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणभर ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवायचा आणि बाहेर पडताना मग दाबायचा. पहिल्या चाचणीसाठी एक्स्प्रेसवे निवडू नका. हालोलची वाट बरी आहे, जिथे आज स्पिटफायरच्या जुन्या स्पर्धक एमजीच्या नावाने भल्यामोठ्या एसयूव्ही बनतात. त्या वाटेवर कोरड्या दिवशी जाऊन-येऊन झाल्यावर बोल्टांवरच्या रेघा पाहा आणि मगच मामांना घेऊन पावागडवरच्या माचीचा घाट चढा.

घरी स्वतः काम करू इच्छिणाऱ्या इतर वाचकांसाठी एक सूचना देतो. स्पिटफायरची पुढची स्प्रिंग शॉकअब्सॉर्बरवर दाबून बसवलेली असते. वरच्या झाकणाचे कडेचे तीन नट आणि खालचा बोल्ट काढला की ते सबंध एकक बाहेर निघते. मधला नट मात्र स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून ती पूर्ण आवळल्याशिवाय कधीही सोडू नये. त्या स्प्रिंगमध्ये हात किंवा जबडा मोडेल एवढा जोर असतो. भाड्याने आणलेल्या कॉम्प्रेसरचे आटे झिजलेले असतील तर तो परत करावा, आणि हे एवढे काम मिस्त्रीकाकांसारख्या माणसाकडून करून घ्यावे.